जस्ताची गोळी, तांब्याची उणीव आणि पायांचा गेलेला तोल

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका मुलाने वडिलांविषयी विचारलं आहे. वडील साठीच्या पुढचे, भातशेती करणारे. वर्षभरापासून तळपाय बधिर आहेत आणि चालताना झोक जातो. बी-12 ची इंजेक्शनं पूर्ण झाली, पण फरक नाही. कोविडच्या काळात सुरू झालेली 50 मिलिग्रॅम जस्ताची (झिंकची) गोळी 'ताकदीची' म्हणून आजही रोज चालू आहे. धाकटा भाऊ बेळगावात उद्यमबागेत वेल्डिंग करतो. कुणीतरी 'शरीरातले धातू तपासून घ्या' म्हणालं. त्यावरून प्रश्न असा, की इतक्या बारीक प्रमाणातले धातू चेतापेशींवर खरंच परिणाम करतात का, आणि जस्त मेंदूला चांगलं की वाईट?

परिणाम करतात, आणि मोठा करतात. पण आधी वडिलांचं सांगतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. तपासून खोटं ठरेपर्यंत मी हे तांब्याच्या कमतरतेमुळे झालेलं मज्जारज्जूचं दुखणं धरून चालेन. ती कमतरता बहुधा जस्ताच्या गोळीनेच आणली असावी. गोळी आजच बंद करा. गोळीचं पाकीट मात्र टाकू नका, ते लागणार आहे.

आता हे कसं होतं ते. थोडा वेळ देऊन वाचा, कारण यंत्रणा कळली की पुढच्या तपासण्या का करायच्या तेही आपोआप कळेल.

चेतापेशीचं सगळं काम आयनांवर, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंवर चालतं. सोडियम पेशीबाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त, आणि पेशीच्या पडद्यावर सुमारे उणे 70 मिलिव्होल्टचा दाब. संदेश जातो तेव्हा आधी सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं. तंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरतं आणि तिथल्या पुटिकांमधलं (इवल्या पिशव्यांमधलं) रसायन पुढच्या पेशीवर सोडतं. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा जवळपास दहा हजार पटीनं कमी ठेवलेलं असतं, म्हणून जरासं आत आलं तरी पेशीला लगेच कळतं. हे धातू किती महत्त्वाचे ते 1883 च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर यांच्या ध्यानात आलं. नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहायचं, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यातल्या द्रावणात मात्र थांबायचं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. दवाखान्यात 'आरएल' म्हणून जी बाटली लावतात, त्यातला 'आर' याच रिंगरांचा.

सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही भरपूर प्रमाणात असणारी मंडळी. जस्त, तांबं, लोह, मँगनीज, कोबाल्ट यांचं प्रमाण नगण्य, पण ती बसतात मोक्याच्या जागी.

मॅग्नेशियम सूक्ष्म धातूंत मोडत नाही, तरी त्याचं उदाहरण देतो, कारण 'धातू चेतापेशीला कसा आवरतो' हे त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. मेंदूतलं मुख्य उत्तेजक रसायन म्हणजे ग्लुटामेट. त्याचा एनएमडीए नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं संदेश पकडणारं प्रथिन, आहे. पेशी शांत असताना मॅग्नेशियमचा आयन या रिसेप्टरच्या छिद्रात बाटलीच्या बुचासारखा बसलेला असतो. ग्लुटामेट आलं तरी वाट बंदच. पेशी दुसऱ्या मार्गाने पुरेशी उत्तेजित झाली की पडद्यावरचा दाब बदलतो, मॅग्नेशियम हटतं आणि मग कॅल्शियम आत येतं. 1984 साली हे सिद्ध झालं. शिकणं आणि लक्षात ठेवणं याचा मोठा भाग या एका यंत्रणेवर उभा आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरलाही ठाऊक असतं. पुढचा डोस देण्याआधी ती गुडघ्यावर हातोडी मारून पाहते. मॅग्नेशियम जास्त झालं तर चेतातंतूच्या टोकाशी ते कॅल्शियमला अडवतं आणि गुडघ्याचा झटका आधी जातो. नंतर श्वास मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवलेलं असतं. म्हणजे एकच धातू प्रमाणात असेल तर बाळंतिणीचा जीव वाचवतो, आणि प्रमाण सुटलं तर श्वास थांबवतो.

जस्त त्याच एनएमडीए रिसेप्टरवर बसतं, पण वेगळ्या जागी. मेंदूच्या काही भागांत, विशेषतः स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये, ग्लुटामेटच्या पुटिकांमध्ये जस्तही भरून ठेवलेलं असतं. हे भरण्याचं काम झेडएनटी-3 नावाचं वाहक प्रथिन करतं. पेशी संदेश सोडते तेव्हा ग्लुटामेटबरोबर जस्तही चेतासंधीत, म्हणजे दोन पेशींमधल्या फटीत, सांडतं. एनएमडीए रिसेप्टरचा एक प्रकार त्याला इतका संवेदनशील आहे की नॅनोमोलर, म्हणजे अगदी नगण्य, प्रमाणातही त्या रिसेप्टरचं काम मंदावतं. म्हणजे उत्तेजना सोडतानाच तिला लगाम घालणारा धातूही सोबत सुटतो. पण तेच जस्त मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या काही रिसेप्टरांनाही दाबतं, आणि ग्लायसिन या दुसऱ्या शांत करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरचं काम थोड्या प्रमाणात असताना उलट वाढवतं. म्हणून 'मेंदूला चांगलं की वाईट' याचं एका शब्दात उत्तर नाही. कुठल्या चेतासंधीत, कुठल्या क्षणी, किती, यावर सगळं आहे. रक्तपुरवठा तुटल्यावर हे पुटिकांमधलं जस्त भलत्या पेशींत शिरतं आणि त्या मरतात, हे 1996 साली प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलं. नाकातून जस्त थेट वासाच्या चेतापेशींवर घातल्याचा अनुभव तर जुनाच आहे. 1937 मध्ये टोरांटोत पोलिओ टाळण्यासाठी मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं. पोलिओ टळला नाही, काही मुलांचा वास मात्र गेला. सर्दीसाठी नाकात घालायच्या जस्ताच्या औषधांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच कारणासाठी 2009 मध्ये इशारा दिला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तोंडाने घेतलेली गोळी सरळ मेंदूत जाऊन चेतासंधीतलं जस्त वाढवत नाही. मेंदू आपलं जस्त फार कडक राखतो. वडिलांचं नुकसान झालं असेल तर ते आतड्यात सुरू झालं असणार.

रोज गरजेपेक्षा खूप जास्त जस्त पोटात गेलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतात. हे प्रथिन धातूंना धरून ठेवतं, आणि गंमत अशी की जस्तापेक्षा तांब्याला अधिक घट्ट धरतं. जेवणातलं तांबं त्यात अडकून पेशीतच राहतं. आतड्याच्या पेशी काही दिवसांनी झडतात, त्यांच्याबरोबर ते तांबंही शौचावाटे निघून जातं. असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर तांब्याला पारखं होतं. जस्ताची रोजची गरज आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला 17 मिलिग्रॅम. अमेरिकेत प्रौढांसाठी वरची सुरक्षित मर्यादा 40 धरतात. आणि वडील जेवणातल्या जस्ताशिवाय वर्षानुवर्षं 50 मिलिग्रॅम वेगळं घेत आलेत.

म्हणूनच पाकीट ठेवायला सांगितलं. त्यावर क्षाराचं वजन लिहिलंय की निव्वळ जस्ताचं, ते मला बघायचं आहे. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट 220 मिलिग्रॅम असेल तर त्यात जस्त साधारण 50 मिलिग्रॅम असतं. दोन पाकिटांवर '50' लिहिलेलं असूनही पोटात जाणारं जस्त चौपट वेगळं असू शकतं. शिवाय मल्टिव्हिटॅमिनची वेगळी गोळी, कवळी बसवण्याची पेस्ट, घरातली इतर औषधं यांतूनही जस्त जातं. परदेशात जस्त असलेली कवळीची पेस्ट भरपूर वापरणाऱ्यांना नेमकं हेच दुखणं झाल्याच्या नोंदी 2008 पासून आहेत.

तांबं नसलं की चेतातंतूंचं काय होतं? पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतलं शेवटचं एन्झाइम, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज, तांब्याशिवाय चालत नाही. डोपामिनपासून नॉरएड्रेनलिन करणारं एन्झाइमही तांब्याचंच. सगळ्यात लांब आणि जाड तंतूंना ऊर्जा सगळ्यात जास्त लागते, म्हणून पहिला फटका त्यांना. पायांच्या अंगठ्यापासून निघून मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूपर्यंत जाणारे, 'पाय कुठे आहे' ही जाणीव नेणारे तंतू ते हेच. धनगर मंडळींना मेंढ्यांमधलं हे दुखणं माहीत असायची शक्यता आहे. तांबं कमी मिळालेल्या मेंढीची कोकरं मागच्या पायांनी लुळी जन्मतात किंवा काही आठवड्यांत लुळी पडतात. ऑस्ट्रेलियात 1937 मध्ये बेनेट्स यांनी त्याचं कारण तांब्याची उणीव असल्याचं दाखवलं. माणसांतलं तसंच दुखणं ओळखायला मात्र 2001 उजाडलं. आजही ते बी-12 च्या नावाखाली खपून जातं, कारण दोन्ही दुखणी वरून अगदी सारखी दिसतात.

वडिलांना एवढं विचारा. सकाळी तोंड धुताना डोळ्यांवर पाणी मारताच तोल जातो का? तिन्हीसांजेला भाताच्या बांधावरून चालताना पाय कुठे पडतो ते कळत नाही, पण दिवसा तोच बांध जमतो, असं आहे का? असेल, तर गेलेली आहे ती पायांची जाणीव, ताकद नव्हे. डोळे उघडे असतात तोवर माणूस नजरेने भरून काढतो. ओपीडीत मी अशा माणसाच्या अंगठ्याच्या हाडावर 128 हर्ट्‌झचा कंपनकाटा ठेवतो. तो थरथरत असतो आणि पेशंट सांगतो, 'काय बी कळंना'. मग घोट्यावर ठेवायचा, मग गुडघ्यावर. कुठे पोचल्यावर थरथर कळते त्यावरून नुकसान किती वर चढलंय त्याचा अंदाज येतो. पायाखाली कापूस अंथरल्यागत वाटतं, हे तर जवळपास सगळेच सांगतात.

बी-12 चं इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे शाकाहार आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन यामुळे बी-12 ची उणीव खूप आहे आणि पहिला संशय तिचाच घ्यायचा असतो. बी-12 च्या रेणूच्या मध्यभागीही एक सूक्ष्म धातूच आहे, कोबाल्ट. बी-12 ची रचना डोरोथी हॉजकिन यांनी उलगडली आणि त्यांना 1964 चं नोबेल मिळालं. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण करून बी-12 निकामी करतो. आधीच काठावर असलेल्या माणसाचे पाय ऑपरेशननंतर काही आठवड्यांत बधिर होतात ते यामुळे. वडिलांचं गेल्या दीड-दोन वर्षांत एखादं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा. पण पुरेशी इंजेक्शनं देऊनही घसरण चालूच राहिली, तर तांबं बघितलंच पाहिजे. दोन्ही उणिवा एकाच माणसात असतात असंही दिसतं.

याच यंत्रणेची दुसरी बाजू आपल्या भागात तितकीच महत्त्वाची आहे. विल्सनच्या आजारात एटीपी-7-बी या जनुकातल्या दोषामुळे यकृत तांबं बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात आणि मग मेंदूच्या खोल भागात साचतं. शाळेत जाणाऱ्या मुलाचं अक्षर बिघडतं, लाळ गळते, हात थरथरतात, बोलणं घोगरं आणि अस्पष्ट होतं, स्वभाव चिडका होतो. घरचे म्हणतात अभ्यासात लक्ष नाही. दोष आईकडून आणि वडिलांकडून असा दोन्हीकडून यावा लागतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होतात, अशा घरांत त्याची शक्यता वाढते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत या आजाराच्या शेकडो रुग्णांवर काही दशकं काम झालं आहे. डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसतं का, हे नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पवर पाच मिनिटांत सांगतात. आणि या मुलांना द्यायच्या औषधांपैकी एक आहे जस्त, ठरलेल्या मापात, तपासण्या करत, आतड्यात तांबं अडवण्यासाठीच. वडिलांच्या शरीरात जे नको होतं तेच तिथे मुद्दाम घडवून आणायचं असतं. तुमच्या नात्यात असं मूल असेल आणि त्याला जस्त चालू असेल, तर हे उत्तर वाचून ते बंद करू नका.

'तांब्याच्या तांब्यातलं पाणी पिऊन उणीव भरून निघेल का?' हे मला आठवड्याला कुणीतरी विचारतंच. नाही. आतड्यात वाट अडलेली असताना पाण्यातून जाणारं थोडं तांबंही अडकणारच, शिवाय किती उतरतं त्याचं माप नाही. ताक, चिंचेचं सार, लिंबू-पाणी असं आंबट काही बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवूच नका. लहान बाळांचं दूध तर मुळीच नाही. पुण्यात डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी 1980 च्या दशकात जे दाखवलं ते प्रत्येक मराठी घराला माहीत असायला हवं. पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधातून बाळांच्या पोटात अतोनात तांबं जात होतं आणि त्यांची यकृतं निकामी होत होती. भांडी बदलली तसा तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. कल्हई करून घेणार असाल तर कथील शुद्ध आहे ना हे विचारा. त्यात शिसं मिसळलेलं असेल तर एक संकट टाळून दुसरं घरात आणल्यासारखं होईल. शिशाचा आयन कॅल्शियमची जागा घेतो, कॅल्शियमचे मार्ग अडवतो आणि वाढत्या मुलाच्या मेंदूतल्या जोडण्या बिघडवतो. मोठ्या माणसाचं मनगट त्यामुळे लुळं पडतं. वडील कुठलं भस्म किंवा रसौषधी घेत असतील तर तेही दाखवा. आयुर्वेदावर माझा राग नाही, पण नागभस्म म्हणजे शिसं आहे. अमेरिकेत 2004 साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

आता भाऊ. वेल्डिंगच्या धुरात मँगनीज असतं. मँगनीज दळणाऱ्या कामगारांची बिघडलेली चाल ग्लासगोत जॉन कूपर यांनी 1837 मध्येच नोंदवली आहे. चेतापेशी हा धातू कॅल्शियमच्या आणि लोहाच्या वाटांनी आत घेते आणि तो मेंदूच्या ग्लोबस पॅलिडस भागात साचतो. पार्किन्सनसारखं दिसतं, पण माणूस तोल जाऊन पाठीमागे पडतो, टाचा उचलून चवड्यांवर कोंबड्यासारखा चालतो, आणि पार्किन्सनवरच्या लेव्होडोपाच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. वेल्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला हे होतं असं मुळीच नाही. बंद शेडमध्ये, टाकीच्या आत, धूर ओढणाऱ्या पंख्याशिवाय वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला धोका खरा. तोंडावरचा रुमाल हा धूर अडवत नाही. धूर नाकापर्यंत येण्याआधी बाजूला ओढला गेला पाहिजे. त्याचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (अंगातल्या लोहाचा साठा) बघून घ्या. लोह कमी असलं की आतडं मँगनीज आणि शिसं दोन्ही जास्त शोषून घेतं. त्याला आज काही त्रास नसेल तर एमआरआयची गरज नाही.

वडिलांच्या तपासण्या. रक्तातलं तांबं, सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहणारं प्रथिन) आणि जस्त. त्यासोबत पूर्ण रक्तगणना, कारण तांबं कमी असलं की रक्तक्षय होतो आणि पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, घटतात. बी-12 बरोबर होमोसिस्टीन (बी-12 कमी असलं की हे वाढतं), साखर, थायरॉईड. मानेच्या मज्जारज्जूचा एमआरआय. त्यात मागच्या स्तंभांत पांढुरकी खूण दिसू शकते, बी-12 च्या उणिवेत दिसते तशीच. रक्त सूक्ष्म धातूंसाठीच्या वेगळ्या, बहुधा गडद निळ्या बुचाच्या नळीत घ्यायला सांगा. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही जस्त रक्तात उतरतं आणि आकडा खोटा येतो. नमुना बहुतेक वेळा बाहेरगावी जातो, आठवडाभर धरून चाला. अंगात ताप किंवा सूज असेल तेव्हा रक्तातलं तांबं वर सरकतं आणि उणीव झाकली जाते, म्हणून सर्दी-तापात ही तपासणी करू नका. केस कापून 'धातूंचा रिपोर्ट' देणाऱ्यांकडे जाऊ नका. धातू बाहेर काढून देतो म्हणून ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनाची सलाइन लावणाऱ्यांकडे तर अजिबात नको. चुकीचा ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतो आणि त्याने हृदय बंद पडून माणसं दगावली आहेत.

उणीव निघाली तर उपचार साधा आहे. जस्त बंद, आणि तांब्याचा क्षार तोंडाने, निव्वळ तांबं रोज साधारण 2 मिलिग्रॅम, उणीव मोठी असेल तर सुरुवातीला जास्त किंवा शिरेतून. हे आपल्या मनाने घ्यायचं नाही, कारण तांबं जास्त झालं तर यकृत बिघडतं. अंगात साठलेलं जस्त उतरायला वेळ लागतो, म्हणून रक्तातलं तांबं महिन्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी बघावं लागतं. रक्तपेशी काही आठवड्यांत सुधारतात. चेतातंतूंचं तसं नाही. बहुतेकांत बिघडणं थांबतं, काहींना हळूहळू थोडी जाणीव परत येते, पण बराच काळ गेलेला असेल तर सगळं पूर्ववत होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. म्हणूनच उशीर करू नका, नळी मिळेल त्या दिवशी रक्त द्या. तोवर न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवा, रात्री उठतात त्या वाटेवर दिवा चालू ठेवा आणि अंधार पडल्यावर त्यांना बांधावर एकटं पाठवू नका. येताना गोळीचं पाकीट, बी-12 च्या इंजेक्शनांच्या तारखा आणि जुने रक्ताचे सगळे कागद घेऊन या. गोळी सुरू होण्याआधीची रक्तगणना असेल तर सगळ्यात आधी तीच बघू.